बरगड्यांमधून मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया: तपासण्यांपासून घरी परतल्यानंतरच्या तीन महिन्यांपर्यंत

‘छातीचं हाड न कापता, बरगड्यांमधून करू’ असं सर्जन म्हणाले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण लहान होतो तो फक्त छेद. हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीन लागतंच, हृदय थांबवावं लागतंच, त्याचा डावा वरचा कप्पा उघडून, तो आणि डावा खालचा कप्पा यांमधल्या मायट्रल झडपेवर काम करावंच लागतं. उलट जागा अरुंद असल्यामुळे हे काम थोडं अवघड होतं आणि मशीनवरचा वेळ बहुधा वाढतो. म्हणून निर्णय घेताना ‘व्रण किती मोठा राहील’ हा प्रश्न शेवटी ठेवा. आतलं काम तितकंच चांगलं होईल का, हा प्रश्न पहिला.

नेहमीच्या पद्धतीत छातीच्या मधोमध २० ते २५ सेंमीची चीर देऊन उरोस्थी, म्हणजे मधलं हाड, करवतीने उभं कापतात. शेवटी ते स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात आणि ते पक्कं जुळायला ८ ते १२ आठवडे जातात. बरगड्यांमधल्या पद्धतीत उजव्या बाजूला, साधारण चौथ्या आणि पाचव्या बरगडीमधल्या फटीतून ५ ते ७ सेंमीचा छेद असतो. स्त्रियांमध्ये तो स्तनाखालच्या घडीत लपतो. शेजारी कॅमेरा, क्लॅम्प (चिमटा) आणि नळ्यांसाठी दोन-तीन बारीक छिद्रं असतात. मशीनच्या नळ्यांसाठी जांघेत आणखी २-३ सेंमीचा छेद असतो, आणि त्याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही. याच वाटेने ट्रायकस्पिड झडप, वरच्या कप्प्यांमधलं जन्मजात छिद्र आणि मिक्झोमाची (हृदयाच्या आत वाढणारी, कर्करोग नसलेली) गाठ यांवरही काम होतं. महाधमनीच्या झडपेची वाट वेगळी असते: हाडाचा फक्त वरचा भाग कापून, किंवा उजवीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या फटीतून. बायपास डावीकडून करतात आणि तो पुष्कळदा धडधडत्या हृदयावरच होतो. १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव्ह यांनी छातीच्या आतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली, तीही डाव्या बरगड्यांमधून आणि मशीनशिवाय. म्हणजे कल्पना जुनीच आहे. कॅमेरे, लांब दांड्याची अवजारं आणि जांघेतून घालायच्या पातळ नळ्या नंतर आल्या.

फायदा किती, याचं बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने २०२३ मध्ये दिलं. १० केंद्रांमधल्या ३३० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांची हालचालीची क्षमता सारखीच निघाली आणि झडप दुरुस्त होण्याचं प्रमाणही सारखंच होतं. लहान छेदवाले सरासरी एक दिवस आधी घरी गेले आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांची हालचाल लवकर सुधारली. म्हणजे ही पद्धत सुरक्षित आहे, पण अनुभवी हातांत. आणि तिचा मोठा लाभ पहिल्या दीड-दोन महिन्यांतला आहे. ज्याला लवकर कामावर परतायचं आहे, ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याच्यासाठी हा लाभ मोलाचा ठरतो. ज्याची झडप किचकट आहे, त्याने त्यासाठी दुरुस्तीची शक्यता पणाला लावू नये.

आधी हे तपासा: शस्त्रक्रिया खरंच लागते का?

आपल्याकडे मायट्रल झडप अरुंद होण्याचं मोठं कारण अजूनही लहानपणीचा संधिवाताचा ताप हेच आहे. निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंमी उघडते. दीड चौरस सेंमी किंवा त्याहून कमी उघडत असेल तर आजार तीव्र समजतात. पण झडपेच्या पाकळ्या मऊ असतील, चुना फारसा साचलेला नसेल, गळती मध्यमपेक्षा कमी असेल आणि डाव्या कप्प्यात गुठळी नसेल, तर जांघेच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. विल्किन्स स्कोअर (हृदयाच्या सोनोग्राफीवरून, म्हणजे इकोवरून, झडप किती बिघडली त्याचे गुण) ८ किंवा त्याखाली असेल तर हा मार्ग बहुधा चांगला लागू पडतो. तेव्हा इकोच्या रिपोर्टवर हा आकडा आहे का पाहा, नसेल तर विचारा. फुग्याने भागत असेल तर बरगड्यांमधला छेदही नको.

गळणाऱ्या झडपेची गोष्ट वेगळी. पाकळी सैल पडली असेल किंवा तिला धरणारा दोरा तुटला असेल, तर दुरुस्ती उत्तम होते, आणि बरगड्यांमधल्या वाटेचे सर्वांत योग्य उमेदवार हेच. पाकळ्या एकमेकींना जोडणारी क्लिप लावून गळती कमी करण्याचा उपाय मुख्यतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी आहे. अरुंद झालेल्या संधिवाती झडपेला क्लिप चालत नाही, कारण तिने झडप आणखी अरुंद होते.

तपासण्या, आणि त्यांतून नेमकं काय शोधायचं

छातीवरून होणाऱ्या इकोनंतर अन्ननलिकेतून करायचा इको लागतो. कोणती पाकळी, कोणता भाग, दोरा तुटला की लांबला, हे त्यातच कळतं. शिवाय डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातली गुठळी आणि महाधमनीच्या झडपेची गळतीही दिसते. ही दुसरी गळती मध्यम किंवा जास्त असेल तर बेत बदलावा लागतो. हृदय थांबवणारं औषध महाधमनीच्या मुळाशी सोडतात. झडप गळकी असेल तर ते हृदयाच्या धमन्यांत न जाता डाव्या खालच्या कप्प्यात उतरतं. कप्पा फुगतो आणि स्नायूला संरक्षण मिळत नाही.

दुसरी महत्त्वाची तपासणी म्हणजे छातीपासून मांड्यांपर्यंतचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन). काही ठिकाणी खर्च वाचवायला तो गाळतात. आमच्या मते पन्नाशीच्या पुढच्या, मधुमेही किंवा तंबाखू-सिगारेटवाल्या रुग्णात तो गाळणं चूक आहे. जांघेतून सोडलेलं रक्त महाधमनीत खालून वर, म्हणजे उलट दिशेने जातं. तिथे चरबीचे थर असतील तर त्यांचे कण उडून मेंदूत जाऊ शकतात, आणि पक्षाघाताचा धोका वाढण्याचं हे एक ठळक कारण आहे. दुसरी बाब मापाची. नेहमी वापरतात ती १७ फ्रेंचची नळी सुमारे ५.७ मिमी जाड असते (३ फ्रेंच म्हणजे १ मिमी). लहान चणीच्या बाईची जांघेतली धमनी तेवढ्याच व्यासाची असेल, तर नळी ती पूर्ण भरून टाकते आणि खालच्या पायाला रक्तच पोचत नाही. यावर उपाय आहेत: पायाकडे जाणारी वेगळी बारीक नळी घालणं, धमनीच्या बाजूला कृत्रिम नळी शिवून तिच्यातून रक्त सोडणं, किंवा काखेजवळची धमनी वापरणं. पण ते आधी ठरलेलं हवं.

फुप्फुसांचा भाग हलक्यात घेऊ नका. शस्त्रक्रियेत उजवं फुप्फुस काही काळ मिटवून ठेवतात. जुना क्षयरोग, छातीत झालेलं पाणी किंवा पू, आधीचं उजव्या छातीचं ऑपरेशन यांमुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं. ते सोडवताना रक्तस्राव होतो, हवा गळते, आणि कधी वाट बदलावी लागते. ‘वीस वर्षांपूर्वी टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या’ हे वाक्य पुष्कळ रुग्ण सांगतच नाहीत. सांगा.

बाकीचं थोडक्यात. चाळिशीपुढच्या पुरुषांची आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची झडपेच्या ऑपरेशनआधी हृदयाच्या धमन्यांची तपासणी होतेच. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं, आणि स्कॅनसाठी डाय (रंगद्रव्य) दिल्यानंतर मूत्रपिंडाला सावरायला वेळ द्यावा. दातांची तपासणी करून किडलेले दात आधीच काढावेत किंवा भरून घ्यावेत. नव्या झडपेवर जंतू बसण्याचा रस्ता बऱ्याचदा तोंडातूनच जातो.

सर्जनना विचारायचे प्रश्न

- माझी झडप दुरुस्त होईल की बदलावी लागेल? हाड उघडून केलं तर उत्तर बदलेल का? बदलत असेल, तर हाड उघडू द्या.
- तुमची टीम अशा शस्त्रक्रिया नियमित करते का, वर्षाला साधारण किती? इथे सर्जनइतकेच भूलतज्ज्ञ आणि मशीन चालवणारे पर्फ्युजनिस्ट महत्त्वाचे असतात.
- मध्येच हाड उघडावं लागलं तर तयारी आहे का? संमतिपत्रात हे लिहिलेलं असतं. ते वाचून सही करा. वेळेवर वाट बदलणारा सर्जन जास्त विश्वासाचा.
- बदलायचीच झाली तर धातूची की जैविक? मायट्रलच्या जागी ६५ च्या आतल्यांना बहुधा धातूची सुचवतात, कारण जैविक झडप तरुणांत लवकर झिजते. पण धातूच्या झडपेला आयुष्यभर रक्त पातळ करण्याची गोळी लागते. मूल हवं असलेल्या तरुणीबाबत हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेऊनच करावा. वॉर्फरिनसारख्या गोळ्या पहिल्या तिमाहीत गर्भाला अपाय करू शकतात.

खर्चाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा गोव्यातल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत बसत असाल, तर पॅकेजमध्ये लहान छेदाच्या खास नळ्या आणि अवजारं धरली आहेत का, हे रुग्णालयाच्या योजना-कक्षात लेखी विचारा. खाजगी विम्यात रोबोटिक शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा असू शकते. ती पॉलिसीत शोधा आणि कॅशलेसची मंजुरी आधी घ्या. रोबोट असला म्हणजे निकाल चांगला असं समीकरण नाही. तो सर्जनच्या हातातलं आणखी एक अवजार आहे.

दाखल होण्याआधीचे पंधरा दिवस

खालची मुदत सर्वसाधारण आहे. गोळी बंद करायची ती तुमच्या टीमने सांगितल्यावरच. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस आधी आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात. वॉर्फरिन ५ दिवस आधी थांबवून गरजेप्रमाणे रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू करतात. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गोळ्या ३ दिवस आधी थांबवायच्या असतात, आणि हे वारंवार विसरलं जातं. त्या चालू राहिल्या तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचतं, आणि आयसीयूत कारण सापडेपर्यंत वेळ जातो. काढे, भस्मं, ताकदीच्या पुड्या जे काही चालू असेल त्याची यादी द्या; रागावतील म्हणून लपवू नका.

तंबाखू, मिसरी, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र आणून रोज दर तासाला दहा वेळा श्वास आत ओढण्याचा सराव आधीच करा. ऑपरेशननंतर दुखत असताना नव्याने शिकणं जमत नाही. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी क्लोरहेक्झिडिनने अंघोळ करायची. काख, स्तनाखालची घडी आणि जांघ नीट धुवायची. वस्तऱ्याने केस काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात. ते काम वॉर्डात क्लिपरने होतं.

थिएटरमध्ये काय काय होतं

उजवी बाजू उशीने सुमारे ३० अंश उचलून रुग्णाला उताणं झोपवतात. शॉक देण्याच्या पट्ट्या छाती-पाठीवर आधीच चिकटवतात, कारण इतक्या लहान छेदातून शॉकचे चमचे हृदयापर्यंत नेता येत नाहीत. श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालतात, म्हणजे उजवं फुप्फुस वेगळं मिटवता येतं. हेपॅरिन किलोमागे ३०० ते ४०० युनिट देतात आणि रक्त गोठण्याचा वेळ ४८० सेकंदांच्या वर गेल्याची खात्री करतात.

मग जांघ. शिरेतून तार वर नेतात आणि ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून वरच्या महाशिरेत गेल्याचं अन्ननलिकेतल्या इकोवर बघतात. धमनीतली तारही महाधमनीत मोकळी दिसली पाहिजे. त्याआधी नळी घालायची नाही. तार भिंतीच्या थरांत शिरली आणि पंप सुरू झाला, तर महाधमनीचे थर सुटत जातात. या पद्धतीतला सगळ्यात भीतिदायक अपघात हाच, आणि तो टाळण्यासाठीची दोन मिनिटं इथेच खर्च करायची असतात.

मशीन सुरू झाल्यावर शरीर ३२ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. छातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे हवा बाहेर ढकलतो, आणि आत राहिलाच तर रक्तात पटकन विरघळतो. हृदयाभोवतीचं आवरण उघडताना उजव्या फ्रेनिक नसेपासून २-३ सेंमी पुढे राहतात. ही नस छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या पडद्याला हालवते. तिला ताण किंवा चटका बसला तर पडदा वर चढतो आणि श्वास अनेक महिने अपुरा राहतो. मग महाधमनीला क्लॅम्प लावून हृदय थांबवणारं द्रावण देतात. काही टीम एका डोसवर तासभर किंवा थोडं जास्त काम करतात, काही २० ते २५ मिलि प्रति किलो लागणारं एकच मोठं द्रावण देऊन त्याहून जास्त वेळ मिळवतात.

डावा वरचा कप्पा उघडल्यावर खरं काम सुरू होतं. तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोरटेक्सचे (कृत्रिम धाग्याचे) नवे दोरे, पाकळीची जादा घडी कमी करणं, आणि शेवटी झडपेच्या कड्याभोवती रिंग. टाके झडपेच्या मागच्या कडेला फार खोल गेले तर शेजारून जाणारी सरकमफ्लेक्स धमनी आवळली जाते. म्हणून मशीनवरून उतरताना ईसीजी आणि हृदयाच्या बाजूच्या भिंतीची हालचाल पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. गरज पडल्यास हृदयाचे ठोके चालवणारी पेसिंगची तार क्लॅम्प काढण्याआधीच लावतात. हृदय भरल्यावर त्याचा खालचा भाग या छेदातून दिसेनासा होतो आणि तिथला रक्तस्राव थांबवणं कठीण जातं.

थांबलेल्या हृदयात पाणी भरून तपासलेली झडप धडधडत्या हृदयात वेगळी वागू शकते. इकोवर किंचितपेक्षा जास्त गळती दिसली तर पुन्हा मशीनवर जाऊन ती सोडवायची. ‘चालेल’ म्हणून सोडलेली गळती पुढे पुन्हा दार ठोठावते. कधी दुरुस्त झडपेची पुढची पाकळी रक्ताच्या वाटेत ओढली जाते. तेव्हा जोर वाढवणारी औषधं थांबवून, द्रव देऊन, नाडीचा वेग कमी केला की बऱ्याचदा ती जागेवर येते. शेवटी कॅमेरा आतून फिरवून प्रत्येक छिद्र बघतात. या पद्धतीत पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागणारा रक्तस्राव पुष्कळदा हृदयातून नसतो, छातीच्या भिंतीतून असतो.

आयसीयू आणि वॉर्ड

सगळं सरळ असेल तर श्वासाची नळी काही तासांत निघते. नळ्यांतून सलग तासातासाला २०० मिलिच्या आसपास रक्त येत राहिलं तर पुन्हा उघडून पाहायचा विचार होतो. इथे एक फसवणूक आहे: छातीची उजवी पोकळी मोठी असल्याने रक्त आत साचतं आणि नळी कोरडी दिसते. रक्तदाब उतरतोय, हिमोग्लोबिन पडतंय आणि नळी शांत आहे, तर एक्स-रे लगेच. उजव्या पायाची नाडी, उब आणि बोटांची हालचाल तासातासाला पाहिली जाते. पाय थंड, बधिर किंवा पोटरी दगडासारखी घट्ट वाटली तर नर्सला त्याच क्षणी सांगा.

दुखण्याबद्दल चुकीची अपेक्षा ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस बरगड्यांमधला छेद मधल्या हाडापेक्षा जास्त दुखू शकतो, कारण फटीतली नस ताणली जाते. पाठीच्या कण्याजवळ किंवा छातीच्या स्नायूंत भुलीचा ब्लॉक देतात का, ते आधीच विचारा. वेदना आवरली नाही की रुग्ण खोकत नाही, खोकला नाही की कफ साचतो, आणि पाचव्या दिवशी घरी जायचा माणूस न्यूमोनियात अडकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडधड वाढून नाडी अनियमित होणं बरंच आढळतं. औषधांनी ते बहुधा आटोक्यात येतं.

घरी

हाड शाबूत असल्याने कुशीवर झोपता येतं, हातांवर भार देऊन उठता येतं. दोन-तीन आठवडे ५ किलोपेक्षा जड उचलू नये. दुचाकी साधारण चार आठवड्यांनी, वेदनेच्या गोळ्या थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. छातीचं जमलं तरी जांघेचं जपा: दोन आठवडे मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि भारतीय शौचालय टाळा, कमोडची सोय करून ठेवा. जांघेतून पाण्यासारखा पातळ स्राव येत राहिला तर तो लसिकेचा, म्हणजे लिम्फचा, असू शकतो. पावडर, हळद काहीही न भरता दाखवा. स्तनाखालच्या टाक्यांना ब्राची पट्टी आणि जांघेला परकराची नाडी घासते. काही दिवस सैल सुती कपडे बरे.

१००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, आडवं पडल्यावर दम, जांघेत वाढणारी गाठ, तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर फोनवर वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना, नुसता थकवा, भूक मरणं आणि उतरलेला रक्तदाब यांमागे हृदयाभोवती साचलेलं पाणी असू शकतं. अशक्तपणा म्हणून टॉनिक घेण्याआधी इको करा.

धातूच्या मायट्रल झडपेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बहुधा २.५ ते ३.५ दरम्यान ठेवतात. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा, मग स्थिर झाल्यावर महिन्याला तपासणी. पालेभाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. श्रावणात किंवा नवरात्रात पालेभाजी थांबून साबुदाणा सुरू झाला की आयएनआर वर जाऊ शकतो. लांबचा उपवास असेल तर मध्ये एक तपासणी जास्त करा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आणू नका. दात काढताना दंतवैद्याला झडपेचं किंवा रिंगचं सांगा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर मोठ्यांना साधारण ३० ते ६० मिनिटं आधी २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन देतात.

संधिवाताच्या तापाने झडप गेली असेल, तर दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन झडप बदलली म्हणून बंद होत नाही. ताप पुन्हा आला तर उरलेल्या झडपा आणि दुरुस्त केलेली झडपही सुटत नाही. ते किती वर्षं चालू ठेवायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पहिला इको घरी जाण्याआधी, पुढचा सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान, मग साधारण वर्षातून एकदा; आणि दर वेळी जुना रिपोर्ट सोबत न्या, कारण डॉक्टर आकड्यापेक्षा त्यातला बदल बघतात.